बुजवलेलं भोक

वाफेच्या इंजिनाच्या भट्टीच्या तोंडातून आत शिरताना मिस्त्रींचं पोट अडकलं. बाहेरून भाचा हसला, "मामा, इंजिन राहू दे, आधी तुझीच तपासणी करू."

"मोठा आलास शहाणा!" मिस्त्री खेकसले. भाच्याचा बाप ज्यात गेला त्या अपघातानंतर इंजिन वीस वर्षं शेडमध्ये पडून होतं. उद्या ते पुन्हा निघणार होतं आणि चालवणार होता भाचा, बापाच्याच जागेवर उभा राहून. आज फक्त तपासणीच्या कागदावर मिस्त्रींची सही हवी होती.

बॉयलर गार पाण्याने भरून दाब चढवलेला होता. भट्टीचा पत्रा आणि बाहेरचा पत्रा, मधे पाणी; दोघांना धरून ठेवायला चारशे बोल्ट, आणि प्रत्येकाच्या पोटात एक बारीक भोक. बोल्ट मोडला की भोकातून पाणी ठिबकतं, म्हणून त्याला सगळे चुगलखोर म्हणत. मिस्त्री एकेका बोल्टवर हातोडी मारत चालले. टण्ण. टण्ण.

पत्र्यापलीकडून उत्तर आलं. ठक, ठक, ठक.

"तू ठोकतोयस का रे?"

"मी? मी तर इथं तोंडाशी बसलोय."

मिस्त्रींनी हातोडी खाली केली. पान्याने तीनदा ठोकून 'आटपलं का?' असं विचारायची सवय एकाच माणसाला होती, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याला. अपघाताच्या दिवशीही त्याने ठोकलं होतं. गाडीला उशीर झालेला, दोन बोल्ट ठिबकत होते आणि बदलायला अख्खा दिवस गेला असता. मिस्त्रींनी दोन्ही भोकांत खिळे ठोकले आणि सांगितलं, "न्या बिनधास्त, दाजी." दुपारी पत्रा फाटला. दाजी गेले, फायरमन गेला. चौकशीत ठरलं की ड्रायव्हरने, म्हणजे दाजींनी, बॉयलरमध्ये पाणी कमी ठेवलं म्हणून हे झालं. मिस्त्री मिठाची गुळणी धरून बसले. फाटका पत्रा त्यांनीच बदलला, त्यातला खिळ्याचा बोल्ट गुपचूप गायब केला. दुसरा, खालच्या कोपऱ्यातला, काढायला गेलं तर कुणीतरी विचारलं असतं. तो तसाच राहिला.

ठक, ठक, ठक. त्याच कोपऱ्यातून.

मिस्त्रींनी तिथे हातोडी मारली. ठप्प. मेलेला आवाज. आताही गुपचूप बाहेर येऊन सही करता आली असती. पण उद्या या पत्र्यासमोर बहिणीचं पोर उभं राहणार होतं. त्यांनी पकडीने खिळा उपटला. पाण्याची बारीक धार मनगटावर आली.

भाच्याने बॅटरी आत धरली. "मामा, भोक कुणी बुजवलं हे?"

"मी. दोन बुजवली होती, त्याच दिवशी. तुझ्या बापाने पाणी कमी ठेवलं नव्हतं रे."

मिस्त्री कान देऊन राहिले. पलीकडे आता कुणी ठोकत नव्हतं. भाच्याने बॅटरी मिस्त्रींच्या तोंडावर वळवली.

"आई दर वर्षी त्या फायरमनच्या घरी जाते, मामा," भाचा म्हणाला. "बाबांच्या वतीने माफी मागायला."