तोआदेरचा सत्कार

तोआदेरच्या वीस नळ्यांच्या बासरीने चाळीस वर्षांत अख्खं जग जिंकलं होतं. राहिलं होतं फक्त त्याचं स्वतःचं गाव. बहिणीने त्याच्या नावाने गावजेवण ठेवलंय म्हटल्यावर तो बासरी घेऊन, सुटाबुटात आला.

अंगणात पावांवर मेणबत्त्या लावल्या होत्या. शेजारीण त्याच्याकडे बघून डोळे पुसत होती. तोआदेर गोंधळून खुर्चीवर बसला.

“सावेता, हा सत्कारच आहे ना?”

“सत्कार कसला, दादा? तुझं मरणानंतरचं जेवण. जिवंतपणीच उरकतात की आपल्यात. तुला ना बायको, ना पोर. मागाहून कोण घालणार?”

“मग मी वाजवायचं कधी?”

“बघू, जेवणं झाल्यावर. आधी ऊठ, ती खुर्ची पाद्रीबाबांना हवी आहे.”