चाचणी जर्नलांची, शिक्षा मला

मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक बोलतोय. बोलतोय कसला, वैतागून सांगतोय.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा मला हळद-कुंकू लागलं, समोर नारळ फुटला. त्यानंतर मुलं माझ्यावर निकाल बघायची आणि प्राध्यापक रजेचे अर्ज टाईप करायचे. ज्ञान वगैरे माझ्या वाट्याला फारसं आलं नाही.

यंदा आलं. कॉलेजला संशोधनाची ऑनलाइन जर्नल्स घ्यायची होती. एक मोठी, एक धाकटी अशा दोन कंपन्यांनी ती महिनाभर माझ्यावर वापरून बघायला दिली. ग्रंथपाल प्रणिता मॅडमनी सगळ्या प्राध्यापकांना विनवलं, "तुमच्या विषयाचं काहीतरी शोधून बघा, मग मत द्या."

मतं लगेच आली. छान आहे, उपयुक्त आहे. माझ्यापाशी मात्र कुणी फिरकलंच नाही! आमटी न चाखता मीठ बरोबर आहे म्हणणारी ही माणसं.

फिरकली ती एकटी मोनिका. एम.एस्सी.ला होती, भंडारदऱ्याकडच्या खेड्यातून जीपने यायची. घरच्या भातपिकावर दर साल करपा रोग पडायचा, म्हणून प्रकल्पालाही तिने करपाच घेतला होता. मोठ्या कंपनीच्या जर्नलांत तिने शोधलं, तर शीर्षकांची ही रांग लागली. एकावर क्लिक केलं, 'फक्त सारांश उपलब्ध'. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. धाकट्या कंपनीकडे लेख मोजके, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचता यायचे.

"मॅडम, ह्यात नावंच लई हायेत, आत कायीच न्हाई," मोनिका म्हणाली.

मॅडमनी ते प्राचार्य रविकांत सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "अहो, त्यांच्याकडे हजारो जर्नल्स आहेत. कंपनीचा माणूस येतोय, तो दाखवेल."

तो आला, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. शब्द त्याने निवडलेले, लेखही त्यानेच. सगळं फटाफट उघडलं. सर खूश.

"आता आमच्या संगणकावर करपा शोधून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

माझ्यावर पुन्हा तेच, फक्त सारांश. तो माणूस हसला. "मशीन जुनं आहे, सर."

मॅडमनी त्याच्यादेखत माझ्यावरच धाकट्या कंपनीचा अख्खा लेख उघडला. "मग हा कसा उघडला?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, कॉलेजची तपासणी समिती येईल तेव्हा जर्नलांचा आकडा मोठा दिसायला हवा."

मोठी कंपनी ठरली. आणि मला बदलायचंही ठरलं!

मॅडमनी वाद घातला नाही. मोनिकाला हव्या असलेल्या लेखाच्या लेखिकेला त्यांनी सरळ ईमेल केला. त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी पूर्ण लेख पाठवला, वर तुमच्याकडच्या भाताबद्दल कळवा म्हणून लिहिलं. मोनिका वाचताना इतकी झुकली की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली. मग तिने वडिलांना फोन लावला, "दादा, बियान्याला काय करायचं ते सापडलं. आसंच पेरू नका, मी येते."

आता माझ्या वायरी सोडवणं चाललंय. नवा संगणक टेबलाखाली खोक्यात बसलाय. त्यालाही सारांशच दिसणार आहे आणि उद्या तोही जुना ठरणार आहे. सर, त्या गरिबावर खापर फोडण्याआधी एकदा तरी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. आणि तुम्हाला स्वतःला खरंच हवं असलेलं काहीतरी शोधा.