टाकेबाईंचा खोकला

टाकेबाई हॉस्पिटलच्या फाटकाशी खोकल्या, नेमक्या त्याच वेळी माइकवाला कॅमेऱ्यासमोर सांगत होता की शहर हादरलं आहे. शहर कुठलं हादरतंय; पलीकडे चहावाला निवांत कप विसळत होता. नवा फ्लू दूर कुठेतरी निघाला होता. इथे अजून एकही रोगी नव्हता, आणि तीन दिवस उभं राहून माइकवाल्याचे पाय मात्र भरून आले होते. त्याला हा खोकला म्हणजे घबाडच.

संध्याकाळी टीव्हीवर टाकेबाईंच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ फिरलं. खाली अक्षरं होती, 'संशयित महिला'. हा शब्द त्यांनी आजवर फक्त चोरांच्या बातमीत वाचला होता.

चौतीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी आणि डॉक्टरांचे झगे शिवत होत्या. माणसांना डॉक्टर टाके घालतात, बाकी सगळ्याला मी, असं त्याच म्हणत. नाव तिथूनच पडलं. जुन्या कापडाची बारीक धूळ छातीत बसून दर थंडीत त्यांना खोकला लागे. तो ऐकू आला की नर्सा पेटीतून स्वेटर काढत. गळ्यात कात्री लटकलेली असे, पण ती शोभेपुरती. दोरा त्या दातांनीच तोडत. मेट्रनबाई सांगून थकल्या होत्या.

शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. चार वाजता निरोपाचा कार्यक्रम होता. हारतुऱ्यांची त्यांना हौस नव्हती. पण कपडेखोलीची किल्ली आपल्या हाताने मेट्रनबाईंच्या हातात ठेवायची, एवढं त्यांनी वर्षभर मनात घोळवलं होतं.

बुधवारी त्यांच्या नाकात काडी घालून तपासणी झाली, आणि रिपोर्ट येईपर्यंत येऊ नका, असं मेट्रनबाईंनी सांगितलं.

"अहो, हा खोकला तुम्ही वीस वर्षं ऐकताय."

"मला माहीत आहे हो. पण आता टीव्हीवर आलंय ना."

बिल्डिंगीत तर शहाण्यांचा बाजारच भरला. वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी टाकेबाईंच्या उंबऱ्यापुढे खडूने रेघ मारली, आणि तिथून जाताना सगळ्यांनी श्वास रोखावा असा हुकूम काढला. स्वतः ते खालच्या पायरीपासूनच श्वास रोखून चढायला लागत. सत्तरीची छाती, बरोबर टाकेबाईंच्या दाराशी दम संपे, आणि तिथेच उभं राहून ते लोहाराच्या भात्यासारखा श्वास ओढत.

टाकेबाई आतून ऐकत. त्यांना जुनी तापाची साथ आठवे. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. खाटा संपल्या, चादरी संपल्या, तेव्हा त्यांनी खिडक्यांचे पडदे काढून रातोरात चादरी शिवल्या होत्या. हेच हेडमास्तर तेव्हा फुलाफुलांच्या पडद्यावर आठ दिवस कण्हत पडले होते, आणि टाकेबाई दोन्ही वेळा पेज घेऊन त्यांच्या उशाशी बसत. तेव्हा कुणी श्वास रोखला नव्हता.

शुक्रवारी दुपारी दाराच्या कडीला पिशवी लटकलेली दिसली. बाजारातले मास्क संपले होते. पिशवीत कापड, नाड्या आणि हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. 'सहा मास्क शिवावेत. पाच मोठे, एक लहान, नातीसाठी. कृपया कमीत कमी स्पर्श करावा.'

टाकेबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली, आणि वरची खिडकी धाडकन बंद झाली.

साडेतीनला त्यांनी ठेवणीतले कपडे घातले. पावणेचारला फोन आला. रिपोर्ट स्वच्छ होता. टाकेबाई चप्पल शोधायला वळल्या, तोच मेट्रनबाई चाचरत म्हणाल्या, "आज नका येऊ. फाटकाशी टीव्हीवाले आहेत, साहेब घाबरतात. किल्ली शिपायाजवळ द्या."

त्यांनी फोन ठेवला. वर जाऊन रिपोर्टचं सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण टीव्हीवर आलं नव्हतं, म्हणजे हेडमास्तरांच्या लेखी ते खरं नव्हतंच.

त्या मशीनवर बसल्या. पाच मोठे मास्क झाले. प्रत्येकाचा दोरा त्यांनी सावकाश, चवीने, दातांनी तोडला.

सहावा लहान होता. ती पोर शाळेतून येताना रोज 'टाकेआजी' म्हणून हाक मारायची. तीन दिवस तिला मागच्या जिन्याने नेत होते. टाकेबाईंनी गळ्यातली कात्री काढली, उकळत्या पाण्यातून धुतली आणि पुसली. धार गेलेली होती. एक दोरा तोडायला ती दोनदा चालवावी लागली.

शिपाई आला आणि खडूच्या रेघेपलीकडेच थांबला.

"टाकेबाई, तिथनंच टाका किल्ली. मी झेलतो."

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पांढऱ्या कापडाची बोटभर पिशवी शिवली, किल्ली आत घातली, तोंड बारीक टाक्यांनी बंद केलं आणि दोरा दातांनी तोडला. मग अंगावरच्या ठेवणीतल्या कपड्यांच्या चुण्या सारख्या करून त्या बाहेर आल्या, रेघ ओलांडली आणि पिशवी शिपायाच्या पुढे केलेल्या तळहातावर ठेवली.