तिपाईबाई, काय म्हणता?

मी एक जुनी तिपाई आहे मित्रांनो, आणि लोक मला हसतात याचा मला भारी अभिमान आहे. तीन पाय, एक गोल बैठक, अंगावर चहाचे डाग आणि एका पायावर कुणाच्या तरी कुत्र्याच्या दातांच्या खुणा. दिसायला मी ही अशी. पण भरलेला हॉल माझ्या एका शब्दासाठी श्वास रोखून बसतो. आहे का तुमच्या घरात असं कोणी?

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एका दाराचं काम करून उरलेल्या लाकडातून त्यांनी मला घडवलं, तेही गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःच्या लेकीसाठी. तिचा हात कामाच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता ना! रंधा मारून, मेण घासून झाल्यावर त्यांनी बोट दुमडून माझ्या बैठकीवर ठोकलं. टक, टक-टक. मग कान लावला. सांधा पक्का असेल तर लाकूड खणखणीत उत्तर देतं, कच्चा असेल तर पुटपुटतं. प्रत्येक वस्तू दुकानाबाहेर जाण्याआधी ते असंच करत.

"बोलतेय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नाही.

लेकीने मात्र माझ्यावर चढायचं सोडून दोन काठ्या घेतल्या आणि मला बडवायला सुरुवात केली. तिचं नाव त्या दिवसापासून ढमी पडलं.

"अगं ढमे, तिपाई बसायला असते, बडवायला नाही!"

"मग बाबा, ती इतकी छान वाजते कशाला?"

बाबा डोकं खाजवत पुन्हा रंध्याकडे वळले. मी मनातल्या मनात हसले.

ढमी मोठी झाली. तिने खरे ड्रम घेतले, मित्र जमवले आणि घर सोडून निघताना मला काखेत मारलं. तिच्या गटात एकूण चौघं. गिटार वाजवणारा काडीपैलवान, वारा आला तर गिटारीला धरून उभा राहावा असा. जाड आवाजाची बेस गिटार वाजवणारे गुरुजी, शाळेत चित्रकला शिकवायचे आणि कधीच घाई करायचे नाहीत. कीबोर्डवर डॉक्टरीणबाई, दातांच्या. बेसूर वाजवलं की त्या म्हणायच्या, "आ कर, बघू काय अडकलंय." आणि ढमी. तिच्याखाली मी.

यांची एक गंमत सांगते. हे लोक गाणं सुरू करायचे ते ठरवून, पण पुढे कुठे जायचं हे कुणीच ठरवायचं नाही. एकाने वाट काढायची, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. माणूस बाहेर जाऊन निवांत चहा पिऊन परत यायचा, तरी तेच गाणं चालू! कधी कधी चौघंही रस्ता चुकायचे. मग काडीपैलवान वाजवता वाजवता कपाळावर हात धरून रंगमंचावरचं जाजम उचलून बघायचा, गाणं खाली पडलंय का म्हणून. लोक ओरडायचे, "तिकडे! तिकडे!" दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी लोक पोट धरून हसायचे.

एका कार्यक्रमात असंच एक हळुवार वळण चाललं होतं. टाचणी पडली तरी ऐकू यावं इतकं हळू. ढमी डावीकडच्या मोठ्या झांजेकडे झुकली, आणि माझा एक सांधा, जो इतकी वर्षं तिचे धक्के खाऊन सैल झाला होता, बोलून गेला.

कुईंऽऽ!

शप्पथ सांगते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ढमी लालेलाल. पण काडीपैलवानाने काय केलं माहीत आहे? गिटारीच्या तारेवर हुबेहूब तसंच 'कुईं' काढून मला उत्तर दिलं. गुरुजींनी तोच सूर जाड आवाजात म्हटला. डॉक्टरीणबाईंनी त्याला जिना बांधला आणि चौघं त्या जिन्यावरून कुठल्या कुठे वर चढून गेले! इतकं सुंदर त्यांनी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

पुढच्या कार्यक्रमात लोकच विचारायला लागले, "आज तिपाईचं काय म्हणणं?" झालं, प्रथाच पडली. गाणं हरवलं, जाजमाखाली सापडलं नाही, की काडीपैलवान माझ्यापुढे हात जोडून विचारायचा, "तिपाईबाई, काय म्हणता?" हॉल चिडीचूप. मी कुरकुरले की त्या सुरातून नवं गाणं सुरू. नियम एकच होता, मुद्दाम कुरकुरवायचं नाही. ढमीने वाजवता वाजवता जे होईल ते. मी कधी चटकन बोलायचे, कधी चांगली ताटकळत ठेवायचे. थोडा तोरा हवाच ना!

या सगळ्यात एकच गोष्ट ढमीला सलत होती. बाबा एकदाही ऐकायला आले नव्हते. फोन केला की ते म्हणायचे, "ज्याला शेवट नाही ते गाणं कसलं गं?" पण खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या काकांनी त्यांना सांगितलं होतं, "अहो, तुमच्या हातच्या तिपाईला लोक खो खो हसतात!" ज्यांनी आयुष्यात एक सैल खुंटी दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, त्यांना ते काळजाला लागलं. ढमी मात्र दर वेळी पहिल्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवायची आणि ती रिकामीच राहायची.

आणि एके दुपारी, कार्यक्रमाच्या आधी, चौघं जेवायला बाहेर गेलेले असताना बाबा हॉलवर आले. हातात अवजारांची पिशवी. त्यांनी मला उलटं केलं, माझा सांधा चाचपला आणि म्हणाले, "काय हाल केलेत पोरीने तुझे! थांब, आता बघतो कोण हसतंय ते." इतक्या वर्षांनी तो हात अंगावरून फिरला मित्रांनो, मला भरूनच आलं. त्यांनी सांध्यात गोंद भरला, नेमकी पाचर ठोकली, दोरीने मला घट्ट आवळलं आणि गोंद वाळेपर्यंत शेजारी बसून राहिले. मला ओरडून सांगायचं होतं, बाबा, नका हो! पण माझा आवाज जिथून यायचा, ती जागाच त्यांनी बुजवली होती.

कार्यक्रम सुरू झाला. ढमीने पहिल्या रांगेत पाहिलं, तर राखलेल्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बाबा! तिच्या हातातली काठीच निसटली. त्या दिवशी ती काय वाजवत होती म्हणून सांगू! सगळं बाबांसाठी.

गाणं रंगलं, भरकटलं, हरवलं. काडीपैलवानाने जाजम उचललं. लोकांनी बोटं दाखवली, सगळी माझ्याकडे.

"तिपाईबाई, काय म्हणता?"

हॉल चिडीचूप. ढमी डावीकडे झुकली. काही नाही. उजवीकडे झुकली. मी गप्प. "रुसली, रुसली!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला, पण तो लवकरच विरला. ढमीने बैठकीखाली हात घातला. ताजा गोंद, आणि लाकडात लाकूड मिसळून जावं अशी बसवलेली पाचर. अशी पाचर जगात एकच माणूस बसवतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. ते खुशीत मान डोलावत होते. जणू सांगत होते, आता कोणी हसणार नाही, पोरी.

तेवढ्यात त्यांच्या शेजारची बाई हळहळली, "अरेरे! आम्ही हिचा आवाज ऐकायलाच तर येतो हो."

बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते उठले आणि मान खाली घालून दाराकडे निघाले.

आता गेले तर हा माणूस पुन्हा कधी येणार नाही, हे मलाही कळत होतं आणि ढमीलाही.

"बाबा!" ढमी माइकवर ओरडली. "कुठे चाललात? इकडे या, वर."

"मी काय येऊ गं? मीच बिघडवून ठेवलं सगळं."

"बिघडलेल्यातूनच तर आम्ही वाजवतो! या ना, बाबा."

काडीपैलवान खाली उतरून त्यांना हाताला धरून घेऊन आला. ढमीने मला उचलून रंगमंचाच्या मधोमध ठेवलं आणि माझ्या तोंडाशी माइक लावला. "ही तिपाई यांनी केली," ती लोकांना म्हणाली. "आज ती काय म्हणते, ते यांनाच विचारू."

बाबांना हात कुठे ठेवावेत कळेना. मग ते खाली बसले आणि त्यांचं बोट आपसूक दुमडलं.

टक, टक-टक.

काय आवाज होता माझा! भरदार, खणखणीत. हा माझा जुना आवाज मी स्वतःच विसरून गेले होते. बाबांनी सवयीने कान लावला आणि माइक आहे हे विसरून म्हणाले, "बोलतेय."

टाळ्यांनी हॉल नुसता दणाणून गेला! ढमीने उभ्यानेच तो ठेका उचलला. गुरुजी आले, डॉक्टरीणबाई आल्या, गिटार आली. बाबा ठोकत गेले, कधी कडेला, कधी पायांवर, आणि लोक खुर्च्यांच्या हातांवर त्यांच्या मागोमाग. टक, टक-टक! कितीतरी वेळ कुणाला थांबवेना. शेवटी बाबांनीच माझ्यावर पसरलेला तळवा ठेवला.

"बास! हात दुखले."

सगळे जागच्या जागी थांबले. त्या गटाच्या गाण्याला इतका चोख शेवट कधीच मिळाला नव्हता. ढमीने सगळ्यांसमोर बाबांना मिठी मारली. ती रडत होती आणि हसत होती, आणि बाबा पुटपुटत होते, "अगं ढमे, लोक बघतायत."

लाकूड ते लाकूडच. दिवस गेले, ढमीचे धक्के बसत राहिले आणि माझा सांधा पुन्हा सैल झाला. आता बाबा एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. मी 'कुईं' केलं की ते पहिल्या रांगेतून हातोडी उगारून ताडकन उठतात, आणि सगळा हॉल एका सुरात ओरडतो, "बाबा, बसा!" ते बसतात. दर वेळी तोच विनोद, आणि सगळ्यांत जास्त हसतात ते स्वतः.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी म्हातारी खुर्ची, एखादं दार कुरकुरत असेल. फेकू नका, बिचारं तुमच्यासाठीच झिजलंय. दुरुस्त जरूर करा, आमचं भलंच होईल. फक्त हातोडी उचलण्याआधी एकदा कान लावा. आणि कुणी तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली असेल, तर वेळेवर जा आणि तिथे बसा. बसा हो, बाबा!