तराजूला झोंबलेला गठ्ठा

मी एक जुना तराजू आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला कागदांचा हेवा वाटतो.

माझी दांडी पितळेची, पारडी पत्र्याची. एका तांबटाने मला घडवले आणि आपल्या मुलीच्या वर्गाला देऊन टाकले. मुले माझ्यात काय काय घालत! गारगोट्या, बटणे, खोडरबर, एकदा तर चिमणीचे रिकामे घरटे. आधी अंदाज करायचा, मग तोलायचे, अशी बाईंची शिस्त. अंदाज चुकला की वर्ग खो खो हसे, आणि चुकलेलाच सर्वांत आधी पुन्हा हात पुढे करी. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे बाई म्हणत. मी फुशारून जाई.

मग सगळ्या शाळांसाठी एकच चाचणी आली. बरोबर उत्तरासमोरचा गोल काळा करायचा. सरावाच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर, माझ्याच जागी येऊन बसला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. बाई त्यातला एकेक कागद किती जपून सुटा करत! मुले त्यावर ओणवी होत. मला झुलवणारे हात आता गोल गिरवत होते. माझा नुसता जळफळाट होई. भिंतीवर गुणांचा तक्ताही लागला. ज्याला गुण जास्त, त्याचे नाव वर.

एके दिवशी त्या कागदावर माझेच चित्र आले. एक डबा खालच्या पारड्यात, एक वरच्या. जड कोणता? जवळजवळ सगळ्या वर्गाने वरच्या डब्याचा गोल काळा केला. आता मला माझ्या चित्राचाही हेवा वाटू लागला. निदान त्याच्याकडे कोणी बघत तरी होते.

बाई चक्रावल्या. "अगं चिऊ, वरचा डबा कसा गं जड?"

"जास्त असतं ते वर असतं ना, बाई? तक्त्यात बघा की."

"मी तर तळाला," मागच्या बाकावरचा धिप्पाड मुलगा म्हणाला, सगळे त्याला पहिलवान म्हणत. "म्हणजे मी पीस!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली उतरवले. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले.

"चाचणी तोंडावर आलीय, बाई, आणि हा काय खेळ मांडलाय? उत्तर सांगा अन् पुढे चला."

"उत्तर सांगता येईल, सर. पण त्यांना पटायला नको?"

"बरं, एवढाच तास. मग हे धूड अडगळीत टाका."

मुले माझ्यावर तुटून पडली. पहिलवानाने एका पारड्यात गारगोट्या भरल्या, आणि दुसऱ्यात काय ठेवावे? तोच गठ्ठा! "बाप रे, हा तर गारगोट्यांपेक्षा जड!" तो उचलतानाच म्हणाला. माझ्या मनात आले, आज याला चांगले हलके ठरवावे. पण खोटे तोलणे माझ्या रक्तात नाही. गठ्ठ्याचे पारडे धाडकन खाली गेले.

"खाली गेलं!" चिऊ ओरडली. "म्हणजे जड खाली जातं!"

मुलांना कळले, तेही माझ्या वैऱ्याला उचलून. हे मला आजही झोंबते.

बाईंनी मला अडगळीत टाकले नाही, खिडकीत ठेवले. टेबल अजून गठ्ठ्याचेच आहे.

मित्रांनो, गोल काळे करा, माझी ना नाही. पण त्याआधी वस्तू हातात घ्या, अंदाज करा, खुशाल चुका. आणि त्या गठ्ठ्याला हात लावण्याआधी मला लावा. एवढे मागायला मी मुळीच लाजत नाही.