चांगली प्रत

मुकादमने पुन्हा तोच शब्द टाइप केला. होडी. पडद्यावरचं चक्र जरा वेळ गरगरलं, थांबलं आणि खाली एकच ओळ उमटली. तिने चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकाला पुसला, परत घातला. ओळ एकच होती.

कानाशी धरलेल्या फोनमध्ये धाकटा भाऊ म्हणत होता, सापडलं की पाठव, काही घाई नाही. घाई नाही म्हणणाऱ्यालाच खरी घाई असते. दूर परदेशात राहणाऱ्या या भावाला आईच्या शेवटच्या दिवसांत येता आलं नव्हतं. तिचं शेवटचं गाणं वडिलांनी त्याला तेव्हा फोनवर पाठवलं होतं, आणि आता तो फोन पाण्यात पडून कामातून गेला होता.

“तेच गं, ज्यात तिला मध्येच दम लागतो आणि ती हसते,” तो म्हणाला. “बाकीची नाही पाठवलीस तरी चालेल.”

“बघते,” म्हणून तिने फोन ठेवला.

मागे आरामखुर्चीत वडील डोळे मिटून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. थेंब घातल्यावर काही वेळ पापण्या उघडायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस दिलेली सूचना काना-मात्रेसकट पाळतो. मान मागे टाकून, हात पोटावर ठेवून ते छताकडे तोंड करून बसले होते. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, एवढंच काय ते बरं.

मुकादम हे नाव त्यांनीच ठेवलेलं. थोरली लेक औषधांच्या गोदामात मालाची देखरेख करायची आणि घरी आली तरी ती देखरेख काही सुटायची नाही. एका डब्याची दोन झाकणं दिसली की हिच्या डोक्यात कलकल सुरू. अशा बाईच्या हाती वडिलांनी जमवलेली गाणी द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. फरक इतकाच, की माकडाला नीटनेटकेपणाचा सोस नसतो.

वडिलांची जुनी हार्ड डिस्क भरली होती आणि आतून कुरकुरायला लागली होती. ऑपरेशनमुळे पडद्यासमोर बसायची त्यांना बंदी. म्हणून त्यांनी हिला सांगितलं, जसंच्या तसं उचल आणि नव्या डिस्कवर ठेव. आता जसंच्या तसं उचलेल ती मुकादम कसली! नव्या घरात जुना पसारा कशाला न्यायचा, असं म्हणून तिने आधी जुन्या डिस्कवरच साफसफाई काढली. त्यासाठी एक प्रोग्राम मिळाला. तो नावं ताडून बघायचा, एकाच नावाच्या फाइली समोर ठेवायचा आणि विचारायचा, सर्वांत चांगल्या दर्जाची प्रत ठेवून बाकीच्या काढून टाकू का? वाईट ठेवा आणि चांगली टाका, असं जगात कोण म्हणेल? तिने हो म्हटलं आणि चहा टाकायला गेली. परत आली तेव्हा पसारा निम्म्यावर आला होता. किती बरं वाटलं होतं तेव्हा!

लग्नाच्या वाढदिवसाला वडील जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायचे, पुढे पुढे कॉम्प्युटरचा माइक, आणि आईने होडीचं गाणं म्हणायचं. दर वर्षी तेच. अहो, यंदा दुसरं काहीतरी म्हणते की, असं आई कुरकुरायची. त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर, दुसरं म्हटलंस तर गाणं बदललं की तू बदललीस, हे मला कळणार कसं? मग प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर आणि आतल्या फाइलचं नाव एकच, होडी. वर्ष बाहेर लिहिलंय, मग आत पुन्हा कशाला लिहायचं, हा छापखान्यातला काटकसरीपणा. कुठे मागे नळ वाहतोय, कुठे ही दोघं भावंडं भांडतायत, शेवटच्या वर्षी तर गाण्यापेक्षा श्वासच जास्त. प्रोग्रामला त्या नावाच्या फाइलींतली एकच चांगली वाटली.

काढून टाकण्याआधी त्याने यादी दाखवली होती. ती तिने वाचलीच नाही. गोदामात प्रत्येक खोकं उघडून बघितल्याशिवाय सही न करणारी बाई, ती घरच्या मालावर डोळे झाकून हो म्हणाली.

कॅसेटी तर बुरशी लागली म्हणून, कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यावर, आई असतानाच टाकून दिल्या होत्या. शेवटची गाणी तशीही कॅसेटवर कधी नव्हतीच. वडिलांनी धाकट्याला गाणं पाठवलं तो फोनही कधीच बदलला होता. राहता राहिली जुनी डिस्क. त्या डिस्कची आठवण झाली तशी ती ताडकन उठली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दार मागे हळूच ओढून घेतलं.

तिच्या नवऱ्याचं रंगाचं दुकान होतं. चालू वस्तू फेकायची नाही हा त्याचा बाणा, त्यामुळे नव्या डिस्कवर सगळं हलवून झाल्यावर ती जुनी डिस्क त्याने पुसून साफ केली होती आणि दुकानातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात बसवली होती.

“कॅमेऱ्यांचा डबा बंद कर,” ती म्हणाली. “वायर ओढ.”

“अगं, गिऱ्हाईक उभं आहे.”

“आधी ओढ.”

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्याने पुढे वाद घातला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बंद केला, म्हणाला, आता सांग. तिने सांगितलं. एरवी असं काही झालं की ‘तरी मी म्हणत होतो’ हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. आज ते आलं नाही, आणि ती जास्तच घाबरली.

शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बसायचा. नवऱ्याने त्याला बोलावून फोन त्याच्या हातात दिला. दुरुस्तीवाल्याने डिस्क कधी बसवली, कॅमेरे किती, रात्री चालू असतात का, असं शांतपणे विचारून घेतलं. डॉक्टर लोक असं शांतपणे विचारायला लागले की समजावं. तिने तरीही आशा सोडली नव्हती. काही खर्च येईल तो येऊ दे, म्हणाली.

“खर्चाचं नाही हो ताई,” तो म्हणाला. “नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. पण हिच्यावर कॅमेरे सतत लिहितायत. एकदा पूर्ण भरून पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागलीय ती. खाली काही उरत नाही.”

“थोडंसुद्धा?”

“थोडंसुद्धा नाही.”

मग नवरा परत फोनवर आला. आता त्या डिस्कवर सगळं आपलं दुकानच आहे गं, म्हणाला, नुसतं बंद शटर आणि येणारी-जाणारी माणसं. घरी येऊ का, असंही त्याने विचारलं. ती नको म्हणाली. येऊन तो तरी काय करणार होता?

गॅलरीतून खाली कुणीतरी गाडी धूत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. रडू येत नव्हतं. कुणीतरी आपल्याला खडसावावं, दोन थोबाडीत द्याव्यात, असं मात्र फार वाटत होतं. आई असती तर म्हणाली असती, जाऊ दे गं, आहे काय त्यात, माझा भसाडा आवाज. आणि तीच तर नव्हती. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसं तिचं मन पुन्हा पुन्हा तिथेच येत होतं. शेवटी तिने ठरवलं, आत्ताच सांगून टाकायचं. वडिलांचे डोळे मिटलेले आहेत, तेवढ्यात बोलून मोकळं व्हायचं. त्यांनी डोळे उघडले की आपल्याला जमायचं नाही.

ती आत आली. वडिलांनी मान तशीच ठेवून विचारलं, धाकट्याचा फोन होता ना? ती हो म्हणाली.

“होडी मागत असेल.”

“हो.”

“मग लाव की. मीपण ऐकतो. डोळे मिटलेत, कान नाही.”

ती खुर्चीत बसली. बाबा, म्हणायला तोंड उघडलं. पण हात आपसूक पुढे गेला आणि समोर होती ती एकुलती एक ओळ तिने दाबली.

आवाज इतका स्वच्छ होता की ती दचकली. मागे नळ नाही, भांडण नाही, कुणाचा श्वाससुद्धा नाही. कोवळा, सरळ, तासून काढलेला गळा. एकही सूर हलला नाही. वडील हाताची बोटं एकात एक गुंतवून ऐकत राहिले. पाहुण्याचं बोलणं आपण मध्ये न तोडता ऐकून घेतो, तसं त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“काय गळा आहे,” ते म्हणाले. “हे कॉलेजातल्या स्पर्धेतलं, तिनेच जपून ठेवलेलं. पहिली आली होती म्हणे.”

“म्हणे?”

“मी कुठे होतो तिथे? आमची भेट त्यानंतर कितीतरी वर्षांनी.” ते किंचित हसले. “छान गाते मुलगी. पण हिला मी ओळखत नाही.”

तिने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. मग म्हणाली, “बाबा...”

“हं,” वडील खुर्चीत जरा सावरून बसले. पापण्या अजून मिटलेल्याच होत्या. “आता आपली लाव.”