अण्णांचं अस्तर

वरदनं ब्रश सोडून व्हिडिओ हाती घेतला हे मुंबई-दिल्लीच्या कलावर्तुळात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या वडिलांना. व्हिडिओकलेवर तासन्‌तास व्याख्यानं देणारा हा मोठा कलावंत, पण घरात सांगायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची.

वेणीमाधव अण्णा निवृत्त चित्रकला शिक्षक. मुलाला त्यांनी विकतच्या कॅनव्हासला हात लावू दिला नाही. साखर पेठेतून जाड मांजरपाट आणायचा, लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचा, रंग नीट बसावा म्हणून सरस आणि सफेद्याचं अस्तर द्यायचं, वाळलं की घासायचं, पुन्हा द्यायचं. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर हा उद्योग अजून चालूच होता. मागचे रंगवून झाले का, असं अण्णा विचारत. वरद मान डोलवी आणि ते कोरेच उचलून माडीवरच्या खोलीत कोंबी. त्या खोलीला कुलूप लावताना त्याला स्वतःची लाज वाटे.

मग एकदा अण्णा अस्तर देत असताना त्यानं गच्चीवर कॅमेरा लावला. आठवण म्हणून घेतोय, असं अण्णांना वाटलं. आत जाऊन ते ठेवणीतला सदरा घालून आले.

प्रदर्शन सोलापुरातच भरलं. अंधार केलेल्या सभागृहात अण्णांचाच एक भलामोठा कोरा कॅनव्हास टांगला होता आणि प्रोजेक्टरमधून त्यावर गच्चीवरचे अण्णाच पडत होते, पांढऱ्यावर पांढरं फासणारे. हे पाहून त्यांना आपोआप कळेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा वरदचा हिशेब होता. भित्री माणसं असेच बेत करतात.

अण्णा आले आणि हरखले. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवताना ते स्वतः असंच करत आले होते. आधी चित्र प्रोजेक्टरनं कापडावर पाडायचं, गिरवून घ्यायचं, मग रंग. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कॅनव्हासवरच्या आपल्याच हाताची कडा गिरवायला घेतली. चित्रातला हात पुढं सरकला, पेन्सिल मागं राहिली. मागून कुणीतरी हसलं.

"हलतंय रे. थांबव की जरा," अण्णा म्हणाले. "मी रेघा काढून देतो, तू उद्यापासून रंग भर."

रिमोट वरदच्या हातातच होता. एक बटण दाबलं असतं तर आणखी काही दिवस निभावलं असतं. त्यानं तो खिशात टाकला.

"अण्णा, रंग भरायचे नाहीत. हे एवढंच आहे. मी रंगवणं सोडलंय."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

अण्णांनी पेन्सिल खिशाला लावली. कॅनव्हासवरचे अण्णा अस्तराचा दुसरा हात देत होते. मधेच थांबून त्यांनी कॅमेऱ्यामागच्या मुलाकडे बघितलं आणि ते हसले. समोर उभे असलेले अण्णा ते हसू बघत राहिले.

"म्हणजे हे घेत होतास तेव्हा, यावर रंग चढणार नाही, हे तुला ठाऊक होतं."

"होतं," वरद म्हणाला.